रंगुबाईनं न मानलेला रिपोर्ट

आमच्या तपासणीच्या खोलीबाहेर चपला काढाव्यात असं कुठं लिहिलेलं नाही. तरी खेड्यातून आलेली माणसं दारातच चपला काढतात, देवळात शिरल्यासारखी. रंगुबाई आल्या त्या चपला पायात ठेवूनच. प्लास्टिकच्या पिशवीतून घड्या पडलेला रिपोर्ट काढला, माझ्या टेबलावर ठेवला आणि उभ्यानंच विचारलं,

"आमच्या मालकांस्नी खोटं कुनी ठरीवलं? तुमी, का तुमच्या सायबांनी?"

"बसा ना, मावशी."

"बसाया न्हाई आले. पाच वाजता निघालेय आटपाडीतनं. आदी सांगा."

सांगलीच्या या खाजगी दवाखान्यात मी अकरा वर्षं आहे. डोक्याला मार लागलेली, पक्षाघात झालेली माणसं माझ्याकडं येतात. त्यांना चित्रं दाखवायची, आकडे उलटे म्हणायला सांगायचे, ठोकळे जुळवायला द्यायचे, वेळ लावायची, गुण टिपायचे. त्यावरून निष्कर्ष काढून सही करायचं काम आमच्या सरांचं. म्हणजे रंगुबाईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'दोघांनी' असं होतं. ते त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं नाही.

त्यांचे मालक, आकारामअण्णा, माझ्या लक्षात होते. उंच माणूस, डोक्याला पटका, पटका काढला की कानामागून मानेपर्यंत टाक्यांची रेघ. आटपाडीच्या माळावरचं मेंढपाळाचं घर. आता चार एकर डाळिंब आहे, पण दिवाळी झाली की मेंढरं घेऊन फलटणकडं जायचं आणि ऊस तुटून गेलेल्या रानात ती खतासाठी बसवायची, हे त्यांनी सोडलेलं नव्हतं. दोन वर्षांमागं तिकडंच, भर सकाळी, उसानं भरलेल्या ट्रॉलीनं त्यांना उडवलं. दहा दिवस शुद्ध नव्हती. "शुद्धीवर आलं ते निम्मंच आलं," असं रंगुबाई म्हणतात.

दावा साताऱ्याच्या कोर्टात लागला. विमा कंपनीचं म्हणणं असं, की माणूस हिंडतोय, जेवतोय, लोकांना ओळखतोय, मग याच्या डोक्याला झालंय काय? म्हणून कंपनीनंच त्यांना आमच्याकडं चाचणीला पाठवलं होतं.

आमच्या चाचण्यांत एक चाचणी वेगळी असते. ती आठवण मोजायला नसतेच. माणूस सोंग करतोय का ते बघायला असते. टॅबवर पन्नास चित्रं एकामागून एक दाखवायची. छत्री, कुलूप, बदक, किटली अशी साधी. मग जोडीजोडीनं दाखवायची, एक आधी बघितलेलं, एक नवीन. बघितलेल्या चित्राला बोट लावायचं. वरून अवघड दिसते, पण इतकी सोपी आहे की डोक्याला चांगला मार बसलेला माणूससुद्धा पंचेचाळीसच्या पुढं जातो. ज्याला काहीच आठवत नाही त्यानं डोळे मिटून बोट ठेवलं तरी निम्मी बरोबर येतात. आणि ज्याची निम्म्याहून फारच कमी येतात, त्याला बरोबर उत्तर माहीत असतं आणि तो ते टाळत असतो. माहीत असल्याशिवाय इतकं चुकता येत नाही.

आकारामअण्णांची पन्नासात तीन बरोबर आली होती.

सरांनी इंग्रजीत लिहिलं, की या माणसानं जाणूनबुजून चुकीची उत्तरं दिली, त्यामुळं बाकीच्या चाचण्यांत कमी पडलेले गुणही खरे धरता येत नाहीत. रंगुबाईंच्या वकिलांनी, लालासाहेबांनी, ते त्यांना मराठीत वाचून दाखवलं होतं.

"वकील म्हंत्यात, कंपनी थोडंफार द्याया राजी हाय, घ्या आन् गप बसा," रंगुबाई सांगत होत्या. "मी म्हनलं, लालासायेब, आन् ह्ये सोंग म्हणून लिवलंय त्येचं काय? तर म्हनले, त्ये ऱ्हातंय तसंच. म्हनलं, मग ठिवा तुमचं थोडंफार तुमच्यापाशी."

"मावशी, सरांनी गणितावरनंच काढलंय ते. मनाचं नाही लिहिलं."

"आवं, गनित तुमचं आसंल. मानूस माझा हाय. पस्तीस वर्सं झाली नांदून. दोन घरची मेंढरं मिसळली की निवाड्याला ह्यांस्नी बोलवत्यात. ह्ये म्हनतील त्ये मेंढरू ज्येचं त्येचं. कुनी उलटून बोललं न्हाई कवा. आन् आता आमच्या गावचा त्यो बिराप्पा पारावर बसून म्हंतोय, आकाराम सोंगाड्या निघाला, सांगलीच्या डाक्टरनं लिवून दिलंय." त्यांनी कनवटीची पुडी सोडली. पिवळा भंडारा होता. "बिरोबाचा हाय. मी उचलते, की माझा मालक खोटं बोलला न्हाई. तुमी उचला, की बोलला."

मी घरी रोज देवापुढं दिवा लावणारी बाई. भंडारा उचलून बोलणं म्हणजे देवाची शपथ, एवढं मला कळतं. हात पुढं झाला नाही.

"बघा. न्हाई उचलत," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "मग ती चित्रं तरी दावा मला."

"ती बाहेर दाखवता येत नाहीत. नियम आहे. लोकांना आधीच कळली तर चाचणीचा उपयोग राहत नाही."

"मग तुमी या. चार भितींत बघितलं न्हवं त्येस्नी? आता उघड्यावर बघा. रविवारी सुट्टी आसती का न्हाई?"

मी गेले. भीड पडली म्हणून नाही, तो तीनचा आकडा मला टोचत होता म्हणून. सोंग करणारी माणसं मी पाहिली आहेत. ती कपाळाला हात लावतात, उसासे टाकतात, मधूनच 'डोकं गरगरतंय' म्हणतात आणि हिशेबानं वीस-बावीस बरोबर आणतात. हा माणूस तसलं काही करत नव्हता. मन लावून बघत होता आणि पटापट हात लावत होता. तसं नेटानं चुकलेलं माणूस मी अकरा वर्षांत दुसरं पाहिलेलं नाही.

विट्यावरून आटपाडीला एसटीनं, पुढं वडापच्या जीपनं. माळावर दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. अण्णा बाजेवर बसले होते. मला बघून बराच वेळ गेला, मग म्हणाले, "चित्राच्या... बाई."

"बघा, वळखलं," रंगुबाई म्हणाल्या. "मी कुटं म्हंतेय की वळखत न्हाईत?"

चहा होईपर्यंत बाहेर गलका झाला. पाण्याच्या हौदावर यांची मेंढरं आणि बिराप्पाची मेंढरं एकत्र घुसली होती. बिराप्पा काठी टेकून उभा होता. पन्नाशीचा, बोलका माणूस. रंगुबाई पदर खोचून बाहेर गेल्या.

"बिराप्पा, काढू दे की आता सोंगाड्याला. का तुजी तू काढतोस?"

"काढू दे की, वैनी. माझं त्येच म्हननं हाय," तो माझ्याकडं बघून हसला. "डोकं गेलंय म्हंती, आन् मेंढरू बरूबर वळखतंय. ह्या बाईंस्नी बी बघू दे."

अण्णा उठले, मेंढरांत शिरले. मी कट्ट्यावर उभी राहून बघत होते. त्यांनी एका मेंढराच्या पाठीवर तळहात ठेवला आणि त्याला बाजूला लोटलं. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. घाई नाही, थांबणं नाही. लोटलेली मेंढरं बिराप्पाच्या पायाशी जमत गेली. तीसेक झाली असतील. उरलेली पाणी पीत राहिली. त्यांतल्या एकालाही अण्णांचा हात लागला नव्हता.

मी रंगुबाईंना विचारलं, "आपली मेंढरं का नाही काढली बाजूला? ती कमी होती ना?"

माझ्या प्रश्नाचं त्यांना नवल वाटलं. "आपल्यावर हात ठिवून ह्ये माजं, ह्ये माजं आसं म्हनत्यात व्हय? नजर लागती. हात लावायचा त्यो परक्याला. परकं काढायचं. ऱ्हाईल त्ये आपलं."

"सगळेच असं करतात?"

"आमच्यात सगळी. ल्हान पोरगं बी."

मी तिथंच कट्ट्यावर बसले. आमच्या टॅबवर चित्राला बोट लावलं की ते चित्र जातं आणि पुढची जोडी येते. अण्णांनी हात लावला, चित्र गेलं. पुन्हा हात लावला, गेलं. पन्नास जोड्यांतली सत्तेचाळीस परकी चित्रं त्यांनी हाकलली होती.

आणि मला आणखीही आठवलं. दुसऱ्या की तिसऱ्या जोडीला ते माझ्याकडं वळून म्हणाले होते, "बाई, ह्ये..." आणि मी त्यांना अडवलं होतं, "बोलायचं नाही अण्णा, फक्त हात लावा." त्यांचं बोलणं सावकाश, बाहेर चार माणसं खोळंबलेली. सुरुवातीला सरावाच्या जोड्या असतात. सांगितलेलं कळलंय का, हे बघायलाच त्या असतात. त्या दिवशी मी त्या गाळल्या होत्या.

मी अण्णांपाशी गेले. "अण्णा, दवाखान्यात चित्रांना हात लावलात, ते काय करत होता?"

त्यांनी मेंढरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. शब्द शोधायला त्यांना फार वेळ लागतो. "परकी... काढली."

बिराप्पाला यातलं काही कळलं नव्हतं. तो आपला मुद्दा धरून होता. "मग? बाई, सांगा आता. मेंढरं वळखनाऱ्याचं डोकं कसं गेलं?"

रंगुबाईंनी त्याच्याकडं पाठ केली. नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, मेंढरं लिंबाच्या रानात न्या, जाळी लावा आन् येताना माझी कळशी घिऊन या."

अण्णा निघाले. लिंबाचं रान हौदाच्या वरच्या अंगाला, दिसण्याइतकं जवळ. ते खालच्या अंगाला, रस्त्याकडं चालू लागले. मेंढरंच वळून वर गेली, म्हणून तेही वळले. जाळी खुंटाला बांधायला घेतली. लहानपणापासून बांधत आलेली जाळी. दोन गाठी मारल्या. तिसरीला बोटं थांबली. ते दोरीकडं बघत राहिले. बघतच राहिले. कळशी तर निघण्याआधीच विसरली असणार.

"त्ये बी सोंगच कशावरनं न्हाई?" बिराप्पा शेवटी म्हणाला, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

"सोंग हाय न्हवं?" रंगुबाई त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "मग उंद्या तुजी खांड दे त्येच्या हवाली. समदी मेंढरं. एकटा जाऊ दे फलटनला, डांबरी सडकंनं. दे की! सोंग करनाऱ्याला काय भ्या हाय? देतोस?"

बिराप्पानं आपली मेंढरं वळवली आणि तो चालता झाला.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे मी रिपोर्टात मेंढरं लिहू?"

"सर, उलटं धरलं तर सत्तेचाळीस येतात. सोंग नाही असाच त्याचा अर्थ होतो. आणि मग बाकीच्या चाचण्यांतले कमी गुण खरे ठरतात."

"उलटं धरायचा नियम कुठल्या पुस्तकात आहे? उद्या प्रत्येक वकील मला उलटं धरायला सांगेल."

"मग पुन्हा चाचणी घेऊ."

"माझी सही झालेली आहे. सराव तुम्ही गाळलात, बोलायला तुम्ही मनाई केलीत. चूक तुमची आहे, ती तुमच्या सहीनं लिहा."

तेवढं त्यांचं बरोबर होतं. मी लिहिलं. मराठीत, एका कागदावर. सराव घेतला नाही, सांगितलेलं कळलं का ते विचारलं नाही, ते बोलत होते तर बोलू दिलं नाही. खाली सही केली आणि कागद लालासाहेब वकिलांना नेऊन दिला. पुढच्या महिन्यात मला तपासणीच्या खोलीतून नोंदणीच्या खिडकीवर बसवलं.

साताऱ्याला तारीख लागली त्या दिवशी सकाळी कंपनीनं देऊ केलेला आकडा वाढवला होता. अट एकच, पुन्हा चाचणी मागायची नाही. कोर्टाच्या आवारात लालासाहेब रंगुबाईंना समजावत होते.

"रंगुबाई, नीट ऐका. चाचणी परत मागितली आणि परत तीनच आले, तर हातात काही येणार नाही. हेही जाईल."

"जाऊ द्या."

"अहो, घरची डाळिंबं औषधाला पुरत नाहीत म्हणता—"

"पुरत न्हाईतच. पर घेतलं तर सोंगाचं घेतलं म्हंत्याल. परत तीन आलं तर मी सोता पारावर जाऊन सांगंन, माझा मालक खोटा हाय. चला आत."

कंपनीच्या वकिलांनी मला उभं केलं. त्यांचा आवाज गोड होता.

"बाई, आपण अर्जदाराच्या घरी गेला होता?"

"गेले होते."

"तिथं चहा घेतलात?"

"घेतला."

"म्हणजे आपण त्यांचा पाहुणचार घेतला आणि मग आपलं मत बदललं."

मागून रंगुबाई उठल्या. "बिनदुदाचा च्या हुता, सायेब! त्येला पाव्हनचार म्हंत्यात व्हय?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. "आजी, खाली बसा. मध्ये बोलू नका."

"बसते. पर एक सांगून बसते. ह्यांस्नी दुसरीकडं बसवा परीक्षंला. सरकारी जागेत बसवा. ह्या बाई बी नकोत आन् मी बी नको. मी दाराबाहीर सुदीक न्हाई थांबत, पार रस्त्यावर थांबते. चित्रं बी दुसरी घ्या. आजून काय पायजे?" एवढं बोलून त्या खरंच बसल्या.

न्यायाधीश बाईंनी माझा कागद पुन्हा एकदा वाचला, आणि साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नव्यानं तपासणी करायचा हुकूम दिला.

तपासणीच्या दिवशी मी रजा टाकून गेले. रंगुबाई शब्दाला जागल्या, दवाखान्याच्या फाटकाबाहेर रस्त्यावर उभ्या राहिल्या. अडीच तास. ऊन चढलं तरी सावलीला आल्या नाहीत. मी पाणी दिलं तर म्हणाल्या, "ते भाईर आल्यावर." ओठ हलत होते, नाव कुणाचं घेत होत्या ते मी विचारलं नाही. मीही माझ्या देवाचं घेत होते.

आत दुसऱ्या बाईंनी चाचणी घेतली. सराव घेतला. अण्णांना बोलू दिलं. सरावाच्या पहिल्याच जोडीला अण्णांनी नव्या चित्राला हात लावला आणि ते म्हणाले, "परकं." तेव्हा त्या बाईंनी टॅब बाजूला ठेवून कागदावरची चित्रं घेतली आणि म्हणाल्या, "ठीक आहे अण्णा. आपलं कुठलं ते तोंडानं सांगा, हात लावू नका." नंतर त्यांनीच हे कोर्टाला सांगितलं. पन्नासात सेहेचाळीस आली.

दाव्याचा निकाल अजून लागायचा आहे. तारखा पडतायत. पण रिपोर्ट हातात आला तसा रंगुबाईंचा फोन आला. "बाई, रविवारी या. मराठीत लिवून आना. पारावर वाचायचं हाय."

बिरोबाच्या देवळापुढं पार आहे. रविवारी तिथं गाव असतंच. वीस-पंचवीस माणसं जमली. बिराप्पा कडेला बसला होता. अण्णा पायरीवर, भंडारा लावून. रंगुबाई उभ्या. मी वाचायला सुरुवात केली, "या व्यक्तीने सर्व चाचण्या प्रामाणिकपणे दिल्या आहेत. आजाराचे सोंग केल्याचा कोणताही पुरावा नाही. पहिल्या तपासणीतील निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही."

पुढची ओळ दिसली आणि मी थांबले.

"थांबला का?" रंगुबाई म्हणाल्या. "खाली आजून हाय की."

मी हळू आवाजात म्हटलं, "मावशी, अण्णा बसलेत समोर."

"बसू द्या. त्येस्नी ठावं हाय, मला ठावं हाय. खोटं न्हाई एवढंच वाचून कागूद घडी करायचा व्हय? त्ये बी खरंच लिवलंय न्हवं? वाचा."

मी वाचलं. "कामाचा क्रम लावणे, दिशा ओळखणे, दोन गोष्टी एका वेळी ध्यानात ठेवणे यांत गंभीर व कायमची हानी झाली आहे. यापुढे एकट्याने जनावरे सांभाळणे शक्य नाही."

अण्णा पायरीच्या दगडाकडं बघत होते.

"बिराप्पा," रंगुबाईंनी हाक मारली. "ऐकलंस?"

"ऐकलं की, वैनी."

"मग म्हन."

"काय म्हनू?"

"हितंच बसून म्हनला हुतास, आकाराम सोंगाड्या हाय. आता आकाराम खोटा न्हाई म्हन. हितंच."

"आवं जाऊ दे की आता, मानसं बघत्यात—"

"तवा बी मानसंच बघत हुती. म्हन."

बिराप्पानं टोपी सारखी केली. खाली बघून पुटपुटला, "आकाराम आन्ना खोटा न्हाई."

"मोठ्यांदा. पल्याडच्या कडंला न्हाई पोचलं."

तो उभा राहिला. या खेपेला सगळ्यांना ऐकू गेलं. रंगुबाईंनी माझ्या हातातून कागद घेतला, कमरेला खोचला आणि अण्णांच्या दंडाला धरलं. "उठा, जेवायची येळ झाली." घर तिथनं समोर दिसत होतं, वाट सरळ होती. तरी त्यांनी घरापर्यंत दंड सोडला नाही, आणि वाटेत कुणी बघतंय म्हणून मान एकदाही खाली घातली नाही.